हिरवळीचे यंत्र : पारख आणि दाद

नवी वस्तू सदोष निघाली की तिचे खापर सबंध कारखान्यावर फोडणे जितके सोपे, तितकेच ते स्वतःच्या अडाणीपणावर फोडून गप्प बसणेही सोपे असते. परंतु दोष नेमका कोठे आहे, तो जन्मजात आहे की हाताळणीतून उद्भवला, आणि त्याची भरपाई कोणाकडून, किती मुदतीत व कोणत्या आधारावर मागता येते, या प्रश्नांचा वेगवेगळा व क्रमवार विचार करण्याची सवय आपल्या ग्राहकवर्गाला अद्याप म्हणावी तशी जडलेली नाही. हिरवळीवरील गवत कापण्याच्या यंत्राच्या, म्हणजे व्यवहारात ज्याला आपण लॉनमोअर म्हणतो त्याच्या, बाबतीत ही उणीव विशेषच जाणवते. हे यंत्र वर्षातील पुष्कळसा काळ कोपऱ्यात पडून असते, कामाला लागते ते माती, खडे आणि ओल यांच्या संगतीत, आणि आपल्याकडे तर ते पसंत करणारा, त्याचे पैसे देणारा व प्रत्यक्ष चालवणारा हे तीन इसम बहुधा निरनिराळे असतात. गृहनिर्माण संस्थेची समिती दरपत्रके मागवते, सभासदांच्या वर्गणीतून रक्कम चुकती होते, आणि यंत्र हाती पडते ते माळ्याच्या, ज्याचे मत या साऱ्या कारभारात कोणी विचारलेले नसते. पुढील विवेचनात जे काही दोष दिसतील त्यांपैकी निदान निम्म्यांचे मूळ, माझ्या मते, या एकाच व्यवस्थेत आहे.

यंत्राचा पूर्वेतिहास थोडा पाहिला तर त्याची पारख करणे सुलभ होते. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात, स्ट्राउडजवळच्या थ्रप या गावी, लोकरीच्या कापडावर उभी राहिलेली लव एकसारखी कातरण्यासाठी सर्पिल पात्यांचा फिरता रूळ असलेली यंत्रे गिरण्यांतून वापरात होती; त्या यंत्रांशी परिचित असलेल्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराला जे लवेला लागू पडते ते गवतालाही पडावे असे सुचले, आणि जॉन फेराबी या ओतकामाच्या कारखानदाराशी भागीदारी करून त्याने १८३० साली आपल्या कल्पनेचे पेटंट मिळवले. तोपर्यंत धनिकांच्या विस्तीर्ण हिरवळी कापल्या जात त्या लांब दांड्याच्या विळ्यांनी, पहाटेच्या दवात, कसलेल्या मजुरांच्या हातून. ज्यांना ते परवडत नसे त्यांची भिस्त मेंढ्यांवर. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात बडिंगचे यंत्र आरंभीच्या काळातच रुजू झाले, आणि १८३२ पासून इप्सविचच्या रॅन्सम्स कारखान्याने परवाना घेऊन त्याचे उत्पादन हाती घेतले. पुढे स्कॉटलंडमध्ये ते तट्टाला जुंपले गेले, १९०२ साली त्याला पेट्रोलचे इंजिन बसवलेले नमुने बाजारात आले, आणि १९५२ साली सिडनीच्या एका उपनगरात मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसन या गृहस्थाने पीचच्या फोडींच्या रिकाम्या डब्याची पेट्रोलची टाकी करून, एका तबकडीवर पाती बसवलेले, जमिनीशी समांतर गरगरणारे हलके यंत्र स्वतःच्या गॅरेजमध्ये जुळवले. त्यातूनच ‘व्हिक्टा’ हे ऑस्ट्रेलियातील घराघरांत पोचलेले नाव उदयाला आले.

या इतिहासातून आज विक्रीस असलेल्या यंत्रांची दोन कुळे स्पष्ट होतात. बडिंगच्या कुळातील यंत्रात रुळाची वळणदार पाती खालच्या स्थिर पट्टीवरून सरकत जातात आणि गवताची काडी दोहोंच्या मध्ये कात्रीत सापडल्याप्रमाणे तुटते. व्हिक्टाच्या कुळात पाते प्रचंड वेगाने फिरून काडीला नुसत्या आघाताने छाटते. पहिल्याची कापणी स्वच्छ होते, काडीचे टोक फाटत नाही आणि म्हणून पिवळेही पडत नाही. क्रिकेटची खेळपट्टी आणि गोल्फचे ‘ग्रीन’ आजही रुळाच्याच यंत्राने कापले जातात ते यासाठी. परंतु गवत गुडघ्याएवढे वाढले, ओले असले किंवा त्यात खडा दडला असला की रूळ अडतो, आणि पट्टीला एकदा खाच पडली की पुढच्या प्रत्येक फेरीत गवतावर तेवढी न कापलेली रेघ उमटते. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने गवत माजते आणि उरलेले आठ महिने पाणी देऊन जगवावे लागते. तेव्हा हरळीच्या बुटक्या, नियमित निगा राखलेल्या हिरवळीला रूळ आणि आषाढ-श्रावणात हाताबाहेर गेलेल्या आवाराला गरगरते पाते, ही विभागणी साधारणपणे ठीक आहे. उताराच्या, दगडगोट्यांच्या जागी मात्र दोन्ही निरुपयोगी. तेथे खांद्याला अडकवायचा ब्रश कटरच हवा, आणि ज्या संस्थांनी अशा जागेसाठी चाकांचे यंत्र घेतले त्यांची यंत्रे सदोष नव्हती, निवड सदोष होती.

रुळाच्या यंत्राची परीक्षा दुकानातच, एका कागदाच्या पट्टीवर होते. वर्तमानपत्राची पट्टी रूळ आणि स्थिर पट्टी यांच्या मध्ये धरून रूळ सावकाश फिरवायचा, बोटे अर्थातच दूर ठेवून. प्रत्येक पात्याने, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत, कागद सुबक कापला पाहिजे. एका बाजूस कापला आणि दुसऱ्या बाजूस नुसता दुमडला तर रूळ व पट्टी समांतर नाहीत. हा दोष बहुतेक वेळा दोन्ही बाजूंचे स्क्रू जुळवून जातो, आणि जुळवूनही गेला नाही तर चौकट पिळवटलेली आहे असे समजून यंत्र तेथेच सोडावे. विक्रेता अशी परीक्षा करू देण्यास का कू करू लागला, तर त्याचे कारण विचारण्याचीही गरज नाही.

गरगरत्या पात्याच्या यंत्रात पाहण्यासारखे अधिक असते आणि दुकानात ते दिसते कमी. वरचे कवच पत्र्याचे असेल तर पत्र्याची जाडी, पात्याचा दांडा जेथे कवचाला जोडला आहे तेथील मजबुती, आणि आतून दिलेला रंग या गोष्टी बोट फिरवून कळतात, कारण ओले गवत आतून चिकटून राहते आणि गंज तेथूनच सुरू होतो. ओतीव ॲल्युमिनियम गंजत नाही, पण खड्यावर आपटले तर तडकते. प्लॅस्टिकचे कवच हलके व न गंजणारे, परंतु उन्हात वर्षानुवर्षे ठेवण्याच्या लायकीचे नव्हे. चाके बेअरिंगवर फिरतात की नुसत्या खिळ्यावर, उंची बदलण्याचा खटका प्रत्येक चाकाला निराळा आहे की एकच, आणि मूठ वरखाली दाबली असता सांधे कुरकुरतात काय, हेही पाहून घ्यावे. सर्वांत महत्त्वाची परीक्षा मात्र सुरक्षिततेची आहे. अमेरिकेच्या ग्राहकसुरक्षा आयोगाचा जो नियम १९८२ सालापासून ढकलत चालवायच्या शक्तियंत्रांना लागू आहे, त्यानुसार मुठीवरील दांडी सोडताच पाते ३ सेकंदांच्या आत थांबलेच पाहिजे. हा दंडक आपल्याकडील खरेदीदारानेही आपला मानावा. दांडीला तार बांधून ती कायमची दाबून ठेवण्याची जी युक्ती कामाच्या घाईत माळ्यांना शिकवली जाते, ती शिकवणाऱ्या मुकादमाला पगारातून दंड व्हावयास हवा.

अश्वशक्तीच्या आकड्यावर किती विसंबावे, याचे उत्तर अमेरिकेतील एका खटल्याने देऊन ठेवले आहे. लहान इंजिने बनवणाऱ्या व त्यांवर यंत्रे उभारून विकणाऱ्या अनेक नामांकित कंपन्यांनी इंजिनांची शक्ती फुगवून छापली, एवढेच नव्हे तर एकच इंजिन निरनिराळ्या आकड्यांची चिठ्ठी लावून निरनिराळ्या किमतींना विकले, अशी फिर्याद ग्राहकांनी गुदरली. २०१० साली मिलवॉकी येथील न्यायालयात साडेसहा कोटी डॉलरांची तडजोड मंजूर झाली, आणि त्याच सुमारास यंत्रांच्या कवचावरून अश्वशक्ती बव्हंशी नाहीशी होऊन तेथे टॉर्कचे आकडे आले. कंपन्यांनी गुन्हा कबूल केला नाही, हे खरे. पण आकडा बदलला, हेही तितकेच खरे. आपल्या बाजारात मात्र दलालांच्या तोंडी अद्याप ‘एचपी’ हाच मंत्र आहे. खरेदीदाराने त्याऐवजी इंजिनाचे घनमाप, पात्याची रुंदी आणि बॅटरीचे यंत्र असेल तर बॅटरीची वॉट-अवरमधील क्षमता विचारावी, कारण व्होल्टचा मोठा आकडा एकटा काहीच सांगत नाही.

यापेक्षाही मोठी कसोटी दुकानाच्या मागील खोलीत असते. या यंत्राचे पाते, पट्टा, एअर फिल्टर, दोरीची स्प्रिंग आणि कार्बोरेटर हे सुटे भाग आज, येथे, कपाटात आहेत काय, असे विचारावे, आणि ‘मागवून देऊ’ या उत्तराला नकारच समजावे. उत्तम इंजिनाचे पण सुटा भाग न मिळणारे यंत्र दोन पावसाळ्यांत भंगारात जाते, तर मध्यम प्रतीचे पण गावातच दुरुस्त होणारे यंत्र दहा वर्षे राबते. एखाद्या मालिकेतील एक नग सदोष निघाला एवढ्यावरून त्या मालिकेची प्रत ठरत नाही. तो नग परत आल्यावर विक्रेता व कारखानदार कसे वागतात, यावरून मात्र पुष्कळ काही ठरते. इंग्लंडमधील ‘विच्?’ हे १९५७ साली निघालेले नियतकालिक आणि अमेरिकेतील १९३६ सालापासूनची ग्राहक संघटना जाहिराती न घेता यंत्रांची तुलनात्मक चाचणी करतात, आणि त्या चाचण्यांत मालकांकडून कळलेल्या बिघाडांच्या प्रमाणालाही स्थान असते. आपल्याकडे मुंबईत १९६६ पासून कन्झ्युमर गायडन्स सोसायटीने वस्तूंच्या चाचण्यांचे काम नेटाने केले, परंतु लॉनमोअरसारख्या थोड्या खपाच्या जिनसेपर्यंत अशी सोय पोचणे कठीणच. म्हणून आपला निर्वाह शेजारच्या जिमखान्यातील, शाळेतील वा संस्थेतील माळ्याच्या साक्षीवर, आणि तो आधार वाईट नाही.

आता यंत्र घरी आले व चालेना, अशी कल्पना करू. पुष्कळदा हा दोष नसतोच. पेट्रोलवरील यंत्रे बहुधा इंजिनात ऑईल न भरताच पाठवली जातात, ही गोष्ट खोक्यावरील लाल चिठ्ठीत छापलेली असते आणि चिठ्ठी खोक्याबरोबर रद्दीत जाते. तसेच यंत्र सुरू केले तर ते काही मिनिटांत जाम होते, आणि तो अपराध कारखान्याचा नव्हे. पेट्रोलची तोटी बंद राहिलेली, मुठीवरची दांडी दाबलेली नसलेली, प्लगची टोपी प्रवासात सैल झालेली, बॅटरी प्रथम पूर्ण भारित न केलेली, ही कारणे इतकी सर्वसाधारण आहेत की ती पाहिल्याखेरीज दुकानाकडे धाव घेऊ नये. यंत्र पात्याची घाण काढण्यासाठी चुकीच्या कुशीवर आडवे केले तर ऑईल एअर फिल्टरमध्ये शिरते व दुसऱ्या दिवशी पांढऱ्या धुराचा लोट उठतो. आडवे करावयाचे ते एअर फिल्टर वर राहील अशा बाजूनेच, आणि त्याआधी प्लगची टोपी काढून.

पेट्रोलचा मुद्दा जरा विस्ताराने मांडावयास हवा, कारण पुढील काळात सर्वाधिक तंटे यावरूनच होतील अशी माझी अटकळ आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे सरकारी धोरण २०२५ पर्यंत देशभर अमलात आले. दुसरीकडे लहान इंजिनांच्या कित्येक माहितीपुस्तिका १० टक्क्यांपलीकडील मिश्रण वापरू नका असे बजावतात. इथेनॉल हवेतील ओल शोषते, पाणी तळाशी बसते, आणि चार महिने पडून राहिलेल्या यंत्राच्या कार्बोरेटरमधील बारीक छिद्रे बुजून जातात. म्हणून हंगाम संपताच टाकी व कार्बोरेटर कोरडे करून ठेवणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. परंतु नव्या यंत्राच्या बाबतीत ‘तुम्ही इथेनॉलचे पेट्रोल घातले’ असे म्हणून विक्रेता हात झटकू लागला तर ते ग्राह्य धरू नये. ज्या देशात पंपावर सामान्यतः तेच पेट्रोल मिळते त्या देशात, ते चालत नसल्याची स्पष्ट सूचना न देता विकलेले यंत्र त्याच्या हेतूला अयोग्य आहे, आणि त्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. यंत्र घेतानाच त्याच्याकडून या बाबतीत लेखी उत्तर घ्यावे.

खरे जन्मजात दोष त्या मानाने थोडे, पण ओळखता येण्याजोगे असतात : जोडाच्या रेषेतून पाझरणारे ऑईल, टाकीच्या बुडाशी पेट्रोलचा वास, तापल्यावर वरखाली होणारा इंजिनाचा वेग, चढावर घसरणारे चालक चाक, दांडी सोडूनही फिरत राहणारे पाते, आणि हातांना मुंग्या येतील अशी थरथर. थरथरीचे कारण पाते असंतुलित असणे किंवा त्याचा दांडा वाकलेला असणे. पाते काढून मधल्या छिद्रातून खिळ्यावर आडवे टांगले असता एक टोक खाली गेले तर असंतुलन सिद्ध होते आणि नव्या पात्याने काम भागते. दांडा वाकलेला असेल तर विक्रेता हमखास म्हणतो की आपण दगडावर आपटवलात. या आरोपाला उत्तर पात्यावरच लिहिलेले असते : धारेला खाच नाही, रंग उडालेला नाही, तर आघातही झालेला नाही. म्हणून असे यंत्र बंद करून प्रथम पात्याची, यंत्राच्या क्रमांकाची आणि कवचाच्या आतील भागाची छायाचित्रे काढावीत, थरथरीचे चलच्चित्र घ्यावे, आणि मग इंजिनाच्या एकाही स्क्रूला हात न लावता तक्रार लिहावी. शेजारच्या गॅरेजवाल्याने सद्भावनेने उघडलेले इंजिन हे विक्रेत्याच्या हाती आयते दिलेले शस्त्र होय.

दाद मागण्याच्या हक्कांबाबत इंग्लंडचा कायदा सर्वांत सुस्पष्ट आहे. १ ऑक्टोबर २०१५ पासून अमलात असलेल्या ग्राहक हक्क कायद्यानुसार माल समाधानकारक प्रतीचा, हेतूस योग्य व वर्णनाबरहुकूम असला पाहिजे. तसा नसल्यास ३० दिवसांत तो परत करून पूर्ण रक्कम मागता येते, त्यानंतर विक्रेत्याला दुरुस्तीची किंवा बदलून देण्याची एक संधी द्यावी लागते, आणि ६ महिन्यांच्या आत दिसलेला दोष हा विक्रीच्या वेळीच होता असे गृहीत धरले जाते. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नुसन-मॉस कायदा लेखी हमीच्या भाषेवर नियंत्रण ठेवतो, तथापि वस्तू परत घेण्याची मुदत पुष्कळशी दुकानाच्या मर्जीवर असते, आणि एकदा पेट्रोल घातलेले यंत्र परत घेण्यास अनेक दुकाने नाखूश असतात. तेथील उपनगरांत घर घेऊन प्रथमच हिरवळीचे धनी झालेल्या आपल्या मराठी मंडळींनी ही अट पावतीच्या पाठीवर वाचूनच टाकीचे झाकण उघडावे.

आपल्याकडील परिस्थिती लोक समजतात तितकी निराशाजनक नाही. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य पावतीवर छापलेले पाहून ग्राहक खचतो. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घेण्यास व रक्कम देण्यास नकार देणे हीच अनुचित व्यापारप्रथा ठरवलेली आहे, आणि पावतीवर मुदत नमूद नसेल तर ती ३० दिवसांची धरण्याची तरतूद आहे. या ३० दिवसांचा उल्लेख तक्रारीच्या पहिल्याच पत्रात करावा. पत्र विक्रेता व उत्पादक या दोघांनाही उद्देशून, पोच मिळेल अशा मार्गाने पाठवावे. त्यात खरेदीची तारीख, क्रमांक, दोषाचे वर्णन, मागणी आणि उत्तराची मुदत एवढेच असावे, विक्रेत्याच्या खानदानाचा उद्धार नसावा. दूरध्वनीवर झालेले बोलणे त्याच दिवशी लेखी कळवून ठेवावे. एवढ्याने भागले नाही तर १९१५ हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक आहे, आणि पुढे जिल्हा आयोग आहे : दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर अर्ज तेथे चालतो, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, फिर्यादी जेथे राहतो तेथेच दाद मागता येते, आणि कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवू शकतो. १९७५ पासून कार्यरत असलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी हा मार्ग सामान्य माणसासाठी बराच प्रशस्त केला आहे. मात्र आयोगापुढील विलंब लक्षात घेता, पंचवीस-तीस हजारांच्या यंत्रासाठी नीट लिहिलेले पहिले पत्रच बहुधा अधिक फलदायी ठरते, असे म्हणावेसे वाटते.

व्यापारी प्रयोजनासाठी केलेली खरेदी या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, परंतु स्वतःच्या हातांनी राबून उपजीविका करण्यासाठी घेतलेले साधन कक्षेत येते. म्हणजे चार बंगल्यांची हिरवळ राखणारा माळी कर्ज काढून यंत्र घेतो तेव्हा तोही ग्राहकच असतो. त्याला कोणी हे सांगितलेले नसते, आणि सदोष यंत्राचे हप्ते तो मुकाट्याने फेडत राहतो.

गुंठाभर हिरवळीसाठी पेट्रोलचे यंत्र घेऊ नये, हाताने ढकलावयाचे रुळाचे यंत्र पुरते, त्यात बिघडण्यासारखे फारसे नसते आणि शेजाऱ्याची झोपही मोडत नाही, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे. त्याहून मोठ्या आवाराची जबाबदारी असलेल्या समित्यांना विनंती अशी की दरपत्रके उघडावयाच्या सभेला माळ्याला बोलवावे, निवडलेले यंत्र त्याला आवारात चालवून पाहू द्यावे, ताबा घेताना ऑईल, पाते व दांडी यांची नोंद असलेल्या पावतीवर त्याची सही घ्यावी, आणि ३० दिवस संपण्यापूर्वी त्याच्याकडून लेखी अहवाल मागवावा. लिहिता येत नसेल तर चिटणिसांनी तो त्याच्या तोंडून उतरवून घ्यावा.